चोपन्न आणि पंचावन्नच्या मधली खुंटी

आमच्या शेजारच्या बाईंना अजूनही वाटतं, की मी कोळशाच्या खाणीत टायपिंग करत होते. भाजी निवडता निवडता त्या विचारतात, "दिवसभर टाइप करून बोटं दुखत असतील न तुमची?" मी हो म्हणून मोकळी होते. खरं उत्तर द्यायला बसले तर भाजी तशीच राहील. पण या अंकाच्या संपादकांनी "कामाबद्दल लिहा, आणि लोकांना कळेल असं लिहा" म्हटलं, तेव्हा मात्र हो म्हणून सुटका नव्हती.

मी प्रोग्रॅम लिहायची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत खाणीच्या ऑफिसात, टिनाच्या छपराखाली, मशीनसाठी लावलेल्या एसीच्या थंडीत शाल पांघरून. माझे बाबा त्याच खाणीत खाली कोळसा भरायचे. त्यांनी मला बल्लारपूरला टायपिंगच्या क्लासला घातलं, तिथून मी कॉम्प्युटरकडे वळले. नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा आईने विहारात खीर वाटली. बाबा एवढंच म्हणाले, "पोरगी सावलीत बसंल." सावलीत बसून मी काय करणार हे त्यांना कधी नीट कळलं नाही. मीही कधी धड समजावलं नाही, याचं आता वाईट वाटतं. त्यांना सांगायचं राहिलं ते इथे सांगते.

कॉम्प्युटरला तुमचं नाव म्हणजे नाव वाटत नाही. त्याला ती एकामागोमाग एक ओवलेल्या चिन्हांची माळ वाटते. आमच्या भाषेत तिला स्ट्रिंग म्हणतात. या माळेतलं हवं ते एक अक्षर नेमकं उचलायचं, हे माझं निम्मं काम. कामगाराच्या नंबरातलं तिसरं अक्षर उचललं की तो कुठल्या विभागाचा ते कळतं, सातवं उचललं की कुठल्या पाळीचा ते कळतं. माळ भली लांब असली तरी चालते, बोट नेमकं पडलं पाहिजे.

आता यातली एक गंमत. मशीन पहिल्या अक्षराला एक म्हणत नाही, शून्य म्हणतं. कारण ते अक्षरं मोजत नाही, अंतर मोजतं. माळेच्या दारापासून किती पावलं चालू, असं ते विचारतं. पहिलं अक्षर दारातच उभं असतं, त्यासाठी पाऊल टाकावंच लागत नाही. म्हणून पाचवं अक्षर हवं असेल तर चार म्हणायचं, विसावं हवं असेल तर एकोणीस. नवशिके इथे हमखास चुकतात. मी चुकत नव्हते आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. आमच्या एका साहेबांनी मला लेखी विचारलं होतं, की शून्यापासून मोजायला मंजुरी कोणाची. मीही लेखी उत्तर दिलं, की मंजुरी मशीनची.

मराठी नावांचं आणखी वेगळं दुखणं. आपल्याला जे एक अक्षर दिसतं, ते मशीनसाठी दोन-तीन चिन्हांचं असतं. एकदा लॉकरच्या पाट्यांसाठी मी प्रत्येकाच्या नावातलं पहिलं अक्षर उचललं, तर किसन, केशव आणि कौतिक या तिघांच्या लॉकरवर नुसता 'क' आला. किसनभाऊ पाटी हातात घेऊन ऑफिसात आले. "मॅडम, माह्यी वेलांटी कुठी ठेवली?" मी म्हटलं, मशीनने कापली. ते म्हणाले, "मंग तुमच्या मशीनले सांगा, आमी तिची काई कापली नाई." पाट्या परत लिहून होईपर्यंत ते ऑफिसातून हलले नाहीत.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगताना मीही हसते. पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो किस्सा हसण्याचा नाही.

खाणीच्या तोंडाशी एक बत्तीघर असतं. खाली उतरणारा प्रत्येक माणूस तिथून आपल्या नंबरची, टोपीला लावायची बत्ती घेतो आणि वर आला की आपल्याच खुंटीला परत लावतो. तिथे ती बत्ती चार्ज होते. म्हणजे खुंटी रिकामी असली की माणूस खाली आहे आणि बत्ती लटकत असली की माणूस वर आला आहे. यापेक्षा सरळ हिशेब मी कुठे पाहिला नाही.

आमचं बत्तीघर लीलाबाई सांभाळायच्या. त्यांचे यजमान शामराव खाली छत कोसळून गेले आणि त्यांच्या जागी लीलाबाईंना नोकरी मिळाली. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. खुंट्यांच्या रांगेसमोर उभं राहून एक नजर टाकली, की खाली कोण कोण आहे ते नावानिशी सांगायच्या.

ती नजर कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक खुंटीला एक तार जोडली गेली. बत्ती लटकत असेल तर एक, नसेल तर शून्य. सगळ्या तारांची मिळून एक लांब माळ दर मिनिटाला माझ्याकडे यायची, नुसती एक आणि शून्यांची. मी प्रत्येक नंबराचं अक्षर उचलायचं, त्याच्यापुढे माणसाचं नाव लावायचं आणि मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसातल्या पडद्यावर दाखवायचं : आत किंवा बाहेर. एक नंबरच्या बत्तीला शून्यावं अक्षर, दोनला पहिलं, असं शेवटपर्यंत.

मी लीलाबाईंना विचारलं होतं, "खुंट्या किती?"

"एकशे वीस, मॅडम."

रजिस्टरातही एकशे वीसच होत्या. मशीनकडून येणाऱ्या माळेत मात्र एकशे एकवीस अक्षरं होती. शेवटचं अक्षर कायम एक असायचं. अशा माळांच्या टोकाला बऱ्याचदा संपल्याची खूण म्हणून एखादं जास्तीचं अक्षर असतं, तेव्हा हेही तसंच असणार असं मी धरून चालले आणि ते सोडून दिलं. बत्तीघर माझ्या टेबलापासून शंभर पावलांवर होतं. उठून खुंट्या मोजाव्यात असं मला वाटलं नाही. पहिल्या वीस बत्त्या काढून-लावून पाहिल्या, पडद्यावर सगळं बरोबर येत होतं. साहेबांनी पेढे मागवले. दुसऱ्या महिन्यात लीलाबाईंची मदतनीस दुसरीकडे पाठवली गेली, कारण आता नजर ठेवायला पडदा होता.

काही दिवसांनी रामूलु आला. हा सिरोंच्याकडचा, तेलुगू ढंगात झाडीबोली बोलणारा हसरा गडी, छप्पन नंबरची बत्ती त्याची. म्हणाला, "मॅडम, मी आंघोळ करून घरी पोचतो तरी तुमची मशीन मले आतच ठेवून राह्यली. बायको विचारते, खरा कुठी होता म्हून."

मी त्याला म्हटलं, "बत्ती नीट दाबून लावत जा, रामूलु."

"दाबूनच लावतो जी."

"मग आणखी दाबून लावत जा."

तो हसत गेला. त्याचं बोलणं मी गंभीरपणे घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. कामगार मशीनची तक्रार घेऊन आला की चूक त्याचीच असणार, असा माझा तेव्हा समज होता. बाबा त्याच खाणीत राबले असूनही होता, म्हणून जास्त लाज वाटते.

ते दिवस पोळ्याचे होते. आठवडाभर पाऊस लागून होता. पहिली पाळी संपायला अर्धा तास असेल, दुपारचे साडेतीन वाजले होते आणि खालून फोन आला, की जुन्या बंद केलेल्या भागातून पाणी फुटलं आहे. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं, खालची वीज बंद करायला लावली आणि दुसऱ्या पाळीला तोंडाशीच थांबवलं. माणसं वर येऊ लागली. चिखलाने माखलेली, धापा टाकणारी, पण येत होती. बत्त्या खुंट्यांना लागत होत्या आणि इकडे पडद्यावर एकेका नावापुढचं 'आत' जाऊन 'बाहेर' येत होतं. सगळे साहेबांच्या ऑफिसासमोर गोळा झाले. लीलाबाईही बत्त्या लावायची गर्दी ओसरताच, रांगेकडे न बघता, बत्तीघराला कडी लावून तिथेच आल्या. सगळ्यांच्या माना पडद्याकडे होत्या.

शेवटी एकच नाव 'आत' राहिलं. छप्पन नंबर, रामूलु.

आणि रामूलु खिडकीला टेकून उभा होता.

"अरे, मी इथी हाये न बाप्पा!" त्याने दोन्ही हात वर केले. तणाव इतका होता की सगळे खो-खो हसले. कोणीतरी म्हणालं, "मॅडमची मशीन येडी झाली." हाजरीबाबूंनी तरी खात्री म्हणून नावं पुकारली. पेंदाम या नावाला उत्तर आलं नाही. पेंदाम म्हणजे पंप खलाशी, पाणी उपसणारा पंप चालवणारा, एटापल्लीकडचा, फार न बोलणारा. खाली दूरवरच्या पंपावर एकटाच बसायचा. त्याची बत्ती पंचावन्न नंबरची.

"तो कायचा थांबते?" गर्दीतून आवाज आला. "उद्या पोळा हाये. गावची गाडी धराले गेला असंल."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पंचावन्न, पेंदाम, बाहेर. "झालं तर. सगळे वर आहेत. दरवाजे बंद करा."

मला मात्र ते पटेना. मशीन वेडं होत नाही. ते चुकीचं सांगेल, पण उगाच सांगणार नाही. कुठली तरी एक खुंटी रिकामी आहे, एवढं त्याला नक्की माहीत होतं. रामूलुची नसेल तर कोणाची? शून्य आणि एकच्या घोळात मी आयुष्य काढलं होतं. बोट एका घराने सरकलं तर शेजारचं अक्षर हाती येतं. छप्पनचा शेजारी पंचावन्न.

पण पहिल्या वीस बत्त्या तर बरोबर होत्या. म्हणजे मध्ये कुठेतरी एक खुंटी जास्त असली पाहिजे. एकशे एकविसावं अक्षर तेव्हा मला आठवलं.

मी लीलाबाईंचा दंड धरला. "खुंट्या किती आहेत खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एकशे वीस."

"लीलाबाई, पेंदाम खाली असेल."

त्या माझ्याकडे वळल्या. "नंबराच्या एकशे वीस हायेत, मॅडम. एक बिननंबरी हाये. चोपन्न न् पंचावन्नच्या मधात. माह्या घरवाल्याची बत्ती हाये तिथी."

आम्ही दोघी धावत सुटलो. लीलाबाईंनी बत्तीघराची कडी काढली. रांगेत चोपन्न नंबरची बत्ती लटकत होती. तिच्या शेजारच्या खुंटीवर नंबर नव्हता, पण तिथे एक जुन्या घडणीची, पोचे आलेली, लख्ख पुसलेली बत्ती होती. तिच्या पलीकडे पंचावन्न नंबरची खुंटी रिकामी होती.

दोन पावलांवरून कोणालाही दिसलं असतं. शंभर माणसं शंभर पावलांवर पडदा बघत उभी होती.

पेंदाम का थांबला होता ते साहेबांना लगेच कळलं. पंप खलाशाचा नियम असा, की बदली माणूस येऊन हातात हात दिल्याशिवाय पंप सोडायचा नाही. म्हणून तो रोज सगळ्यांच्या मागून वर यायचा आणि तोवर पडदा रामूलुला आत दाखवायचा. दुसरी पाळी आम्ही तोंडाशीच अडवली होती. त्याचा बदली माणूस आमच्याच गर्दीत उभा राहून विडी ओढत होता. फोन लागत नव्हता. वीज गेल्यामुळे पंपही बंद पडला असणार आणि पाणी चढत असणार.

सरदार, म्हणजे खालच्या टोळीचा प्रमुख, टोपी घालून निघाला. साहेबांनी विचारलं, आणखी कोण. रामूलु पुढे झाला.

"पडद्यावर माह्यंच नाव हाये न आत? मंग मीच जातो."

आता कोणी हसलं नाही.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी बत्तीघराच्या पायरीवर बसले होते. लीलाबाई रिकाम्या खुंटीसमोर उभ्या होत्या आणि तोंडाने एकच पुटपुटत होत्या, "मी काऊन नाई सांगतलं, मी काऊन नाई सांगतलं." मी त्यांना धीर द्यायला हवा होता. चूक त्यांची नव्हती, माझी होती. मोजायचं काम माझं होतं. आणि गंमत बघा, मला शून्याचं ते ज्ञान नसतं आणि मी पंचावन्नसाठी सरळ पंचावन्नावं अक्षर उचललं असतं, तर पेंदामचं नाव बरोबर आलं असतं. माझ्या हुशारीनेच त्याला बाहेर दाखवलं होतं.

ते तिघे वर आले तेव्हा पेंदाम छातीपर्यंत भिजलेला होता. दोघांच्या खांद्यावर हात टाकून चालत होता, पण स्वतःच्या पायांवर. साहेब त्याच्यावर ओरडले. "पाणी दिसत नव्हतं का? निघायचं नाही?"

"बदलीवाला आला नाई न, सायेब," पेंदाम म्हणाला. "पंप कोनाच्या भरवशावर सोडू?"

मग तो बत्तीघरात आला, टोपीवरची बत्ती काढली आणि पंचावन्नच्या खुंटीला लावली. लावण्याआधी त्याने शेजारच्या जुन्या बत्तीला दोन बोटं टेकवली आणि तीच बोटं कपाळाला लावली. मागून रामूलुनेही तसंच केलं. मग सरदारानेही.

तेव्हा मला कळलं, की खाली जाणारा-येणारा प्रत्येक माणूस हे रोज करत होता. शामराव सापडले तेव्हा त्यांची बत्ती जळत होती म्हणे. नोकरीच्या पहिल्या दिवशी लीलाबाईंनी ती पुसून खुंटीला लावली. पुढे नंबर रंगवणारा आला, तेव्हा ती खुंटी त्याला बिननंबरी सोडायला लावली, म्हणजे ती बत्ती कोणाला दिली जाणार नाही. अख्ख्या खाणीला हे माहीत होतं. ऑफिसातल्या आम्हाला सोडून. तारा जोडणाऱ्या माणसाने कोणाला न विचारता त्या खुंटीलाही तार जोडली, आणि ती बत्ती मशीनला दर मिनिटाला इमानदारीने एक सांगत राहिली. मी तो एक पेंदामच्या नावावर लिहीत राहिले. शेवटची एकशे विसावी बत्ती पाहुण्यांसाठी राखीव, सहसा जागची न हलणारी. तिलाच मी संपल्याची खूण समजले होते.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आणि लीलाबाईंना बोलावलं. मी माझी चूक लिहून दिली होती, ती त्यांच्यासमोर होती. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "ती बत्ती तिथून काढा. तार तोडा. माळ सरळ होईल. नाही का, रामटेके मॅडम?"

होणार होती. पाच मिनिटांचं काम होतं.

मी काही बोलायच्या आत लीलाबाई म्हणाल्या, "काढा, सायेब. मी लपवून ठेवलं. वाटलं, कंपुटरवाल्यायले समजलं तं म्हनतील, एक खुंटी फुकट कायले अडवली. माह्या त्या एका बत्तीपायी जिता मानूस गेला असता. काढाच." त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

मी त्या नोकरीत साहेबांना फारसं कधी नाही म्हटलं नाही. त्या दिवशी म्हटलं. बत्ती चुकली नव्हती, तार चुकली नव्हती, माळही चुकली नव्हती. तिच्यात एकशे एकवीस जागा होत्या आणि मी एकशे वीसच नावं ओवली होती. कमी होतं ते एक नाव. ते घातलं की सगळे आपापल्या जागी येणार होते. साहेब कबूल झाले. म्हणाले, "पण आधी जाऊन मोजा."

मी गेले. लीलाबाई शेजारी उभ्या होत्या. एकेका खुंटीला हात लावून मी मोठ्याने मोजलं, एकशे एकवीसपर्यंत. मग प्रत्येक बत्ती काढून, पडद्यावर बघून, परत लावली. रामूलुलाही बोलावून घेतलं आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बायकोले येऊन सांगा जी, तिचा इस्वास नाई."

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत दर महिन्याला मी स्वतः बत्तीघरात जाऊन खुंट्या मोजल्या. माझ्या जागी आलेल्या साहेबांना सगळं लिहून दिलं, आणि यादीतलं ते एक नाव काढायचं नाही असंही लिहिलं.

नाव घातलं त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर लीलाबाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांना जेमतेम सही करता यायची. पडद्यावर नावांची रांग होती.

"कोनतं?" त्यांनी विचारलं.

मी चोपन्नच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा न, मॅडम."

"शामराव गुरनुले," मी वाचलं. "बाहेर."

लीलाबाईंनी त्या ओळीला दोन बोटं टेकवली. तीच बोटं कपाळाला लावली.

"अजून एकदा वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.